लॅपल नदीतील मगरीची मार्गदर्शित शिकार

लॅपल नदीत दीड फूट उंचीची एक शाडूची मूर्ती विसर्जित करायची असेल, तर लॅपलहॅम कौन्सिलकडे चौदा पानी अर्ज करावा लागतो. हा अर्ज गेली चार वर्षं मी भरतो आहे, कारण लॅपलहॅम व पंचक्रोशी महाराष्ट्र मंडळाचा मी सचिव आहे. मूर्तीचं वजन किती, रंग कशाचा, पाण्यात गेल्यावर मूर्ती पुन्हा वर येण्याची शक्यता किती टक्के, विसर्जनाच्या वेळी मूर्तीसोबत कोणी सज्ञान व्यक्ती असेल काय, अशा सर्व प्रश्नांची उत्तरं मी सुवाच्य अक्षरात दिली. मूर्तीखेरीज अन्य कोणतीही वस्तू नदीत जाणार नाही, अशी हमीही दिली.

ज्या वर्षीची ही गोष्ट, त्याच वर्षी मी दुसराही एक अर्ज भरला होता, ब्रिटिश नागरिकत्वाचा. मी इथल्या इस्पितळात रेडिओग्राफर आहे. लोकांच्या आत काय चाललंय ते बघायचं आणि तोंडाने काही बोलायचं नाही, असा माझा धंदा. माझी बायको वरदा माझ्यापेक्षा व्यवस्थित असल्याने तिने आपला आणि ईराचा अर्ज कधीच भरून टाकला होता. तेव्हापासून विमानतळावर त्या दोघी एका रांगेत आणि मी दुसऱ्या रांगेत. त्या पाच मिनिटांत पलीकडे जातात, बॅगा उतरवतात, कॉफी पितात, भांडतात आणि समेटही करतात, तेव्हा मी दोरीच्या सातव्या वळणावर असतो. अकरा वर्षांची ईरा काचेपलीकडून हात करते आणि मी भेटीच्या वेळेतल्या कैद्यासारखा हसतो. मला त्या रांगेत जायचं होतं. आयुष्यात एवढी एकच महत्त्वाकांक्षा उरली होती, म्हटलं तरी चालेल.

त्या अर्जात चारित्र्याचं एक प्रकरण असतं. तुम्ही सज्जन आहात, हे दोन माणसांनी सही करून सांगावं लागतं. माझे एक साक्षीदार मंडळाचे अध्यक्ष डॉ. जयंत केळुसकर, हाडांचे निवृत्त सर्जन, एकोणऐंशी साली इथे आलेले. दुसरे कौन्सिलच्या नदी, उद्याने व विरंगुळा विभागाचे प्रमुख मिस्टर प्रॉसर. विसर्जनाच्या अर्जांमुळे त्यांची माझी चार वर्षांची ओळख होती. डॉक्टरांनी सही केली. प्रॉसरसाहेबांचा कागद त्यांच्या टेबलावर होता.

गणपतीत मंडळाने गजेंद्रमोक्षाचा देखावा करायचं ठरवलं. हॉलचं छत बुटकं, त्यात पूर्ण हत्ती मावेना. मग कार्यकारिणीने हत्तीचा एक पाय आणि संपूर्ण मगर असा ठराव केला. मगर मी बनवली. आठ फूट लांब, थर्मोकोलची, वरून गाडीच्या बंपरला मारतात तो हिरवा रंग. प्लॅस्टिकच्या चमच्यांचे दात आणि सायकलच्या दोन रिफ्लेक्टरचे डोळे. पाठीवरचे खवले ईराने रंगवले. डॉक्टरांनी सामानाचा खर्च दिला होता आणि सौजन्याची पाटी कुठे लावायची, यावर दोन सभा झाल्या. दर्शनी भागात विष्णू होता. शेवटी मगरीच्या पोटावर पांढऱ्या ठसठशीत अक्षरात 'सौजन्य : डॉ. जयंत केळुसकर, अस्थिरोगतज्ज्ञ, निवृत्त' असं लिहून तो प्रश्न मिटवला.

विसर्जनाच्या दिवशी डॉक्टरांच्या डोक्यात आलं की मगर खऱ्या पाण्यात ठेवून एक फोटो काढावा. म्हणून ती काठाशी सोडली आणि गळ्यात बांधलेल्या दोरीचं टोक माझ्या हातात दिलं. फोटो झाले. तेवढ्यात कोणीतरी आरती सुरू केली. आरतीला टाळ्या वाजवायला दोन्ही हात लागतात. सचिवानेच दोरी धरून उभं राहायचं हे बरं दिसेना, म्हणून मी टोक बुटाखाली दाबलं. इथवर सगळं नीट होतं. पण आरतीच्या शेवटी प्रत्येकाने स्वतःभोवती एक गिरकी घ्यायची असते. मी भक्तिभावाने घेतली. गिरकी पूर्ण करून पुन्हा नदीकडे तोंड केलं, तेव्हा मगर मध्यावर पोचली होती.

"हे बघ श्रीनिवास," डॉक्टर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पाणी दक्षिणेला चाललंय. पोचेल समुद्राला. डोन्ट वरी. फक्त मिनिट्समध्ये घेऊ नकोस."

"अहो काका, पण मी हमी लिहून दिलीय. कौन्सिलला कळवायला हवं."

"कळव ना. तुझा पासपोर्ट आला की कळव."

घरी वरदाचंही मत वेगळं नव्हतं. "श्री, तुझा फॉर्म पेंडिंग आहे," ती म्हणाली. "नदीत कचरा टाकला म्हणून रेकॉर्ड झालं ना, की बस मग जन्मभर त्या लाइनीत. आधी पासपोर्ट येऊ दे. मग कर हवं तेवढं कन्फेस." मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याचा मला आजही राग येतो.

मगर समुद्राला पोचली नाही. जुन्या गिरणीच्या पुढे नदी वळते, तिथल्या लव्हाळ्यात ती अडकली. मंगळवारी संध्याकाळी कुत्रा फिरवणाऱ्या एका बाईंना टॉर्चच्या उजेडात दोन लाल डोळे चमकताना दिसले. त्यांनी कौन्सिलला फोन केला. कौन्सिलकडे 'परकीय प्राणी आढळल्यास' असा फॉर्म आहे आणि त्यात प्राण्यांची यादी वर्णक्रमाने आहे. कर्मचाऱ्याला यादी खाली सरकवायला वेळ नव्हता. त्याने पहिलाच प्राणी निवडला, तो ॲलिगेटर होता. त्या क्षणी लॅपल नदीत अधिकृतपणे मगर आली.

सहा वर्षं त्या काठावर एक पाटी होती : 'पाण्यात सांडपाणी मिसळलेले आहे, पोहू नये.' ती पाटी काढून तिथे 'मगर आहे, पोहू नये' अशी पाटी लावली. सांडपाण्याच्या पाटीमुळे जे लोक इतकी वर्षं घरी बसले होते, ते मगर आहे म्हटल्यावर मुलाबाळांसकट धावत आले. काठावरच्या कॅफेत मगरीच्या आकाराची बिस्किटं मिळू लागली. ईराच्या शाळेने मगरीवर प्रोजेक्ट दिला. ईराला त्यात सर्वांत कमी मार्क मिळाले, कारण तिने काढलेले खवले शास्त्रीयदृष्ट्या चुकीचे होते.

ऑक्टोबरात मला प्रॉसरसाहेबांचं बोलावणं आलं. मला वाटलं, आता संपलं. पण त्यांनी उठून हस्तांदोलन केलं आणि चहा मागवला.

"मिस्टर आगटे, आमच्यापुढे एक पेच आहे. मगर असली की तिचं व्यवस्थापन करावं लागतं. नियमाप्रमाणे दोनच मार्ग आहेत. एक तर तिचं नियंत्रण, नाहीतर तिचा सार्वजनिक उपभोग. आमच्या विभागाने दोन्ही साधणारा पर्याय काढला आहे. मार्गदर्शित शिकार."

"मारणार तिला?"

ते दुखावले. "छे! शिकारीत मगरीला इजा, भीती किंवा मनस्ताप होता कामा नये. शस्त्र नाही, जाळं नाही, आरडाओरडा नाही. फक्त शिकार."

मला नवल वाटलं नाही. या देशात कोल्ह्याची शिकार बंद झाली तेव्हा लोकांनी लाल कोट टाकून दिले नाहीत. घोडे, कुत्रे, शिंग सगळं घेऊन ते पूर्वीसारखेच निघतात, फक्त कायद्याच्या दृष्टीने पुढे कोल्हा नसतो. प्राण्याशिवाय शिकार करण्यात हे लोक मुरलेले आहेत.

"अडचण मार्गदर्शकाची आहे," प्रॉसरसाहेब म्हणाले. "मगरीचा प्रत्यक्ष अनुभव असलेली व्यक्ती हवी. तुम्ही भारतातले."

"मी डोंबिवलीत वाढलो."

"नदीकाठी?"

"स्टेशनपासून सात मिनिटांवर."

त्यांनी लिहून घेतलं, 'प्रत्यक्ष अनुभव, शहरी.' मग टेबलावरची एक फाइल सरळ केली. सर्वांत वर माझा चारित्र्याचा कागद होता, कोरा. "ही सहीसुद्धा आज-उद्या करायचीच आहे," ते म्हणाले. "समाजासाठी तुम्ही काय करता, असं एक कलम आहे. तिथे काय लिहावं, या विचारात होतो." मी मार्गदर्शक झालो.

प्रशिक्षण ऑनलाइन होतं, चाळीस मिनिटांचं. त्यातली तीस मिनिटं खुर्चीत नीट कसं बसावं यावर होती. शेवटी प्रश्न आला, 'मगर अंगावर आल्यास आपण प्रथम काय कराल?' मी 'पळेन' निवडलं. ते चूक निघालं. बरोबर उत्तर 'वरिष्ठांना कळवेन' असं होतं. दुसऱ्या प्रयत्नात मी उत्तीर्ण झालो आणि मला गळ्यात घालायचा बिल्ला मिळाला. त्यावर माझा फोटो आणि खाली 'प्रमाणित मगर मार्गदर्शक, दक्षिण विभाग' असं लिहिलं होतं. माझ्या माहितीप्रमाणे इतर विभागांत कोणी नव्हतं.

पहिल्या शनिवारी इल्फर्डहून पाच तरुण आले. त्यातल्या गॅरीचं पुढच्या आठवड्यात लग्न होतं. सगळ्यांनी केशरी जॅकेटं घातली, हेल्मेटं घातली, आणि बोट निघाली. मी ती गिरणीच्या वळणाच्या बरोबर उलट दिशेला नेली. तासभर सगळे पाण्याकडे टक लावून होते.

"कुठंय ती?" अखेर गॅरीने विचारलं.

"विश्रांती घेते आहे."

"कशावरून?"

"दिसत नाही त्यावरून."

त्याने मान डोलावली. माणसाला गणवेशातल्या माणसाने सांगितलेलं पटतं. परत येताना त्यातल्या एकाला ओंडका दिसला, दुसऱ्याला शेपटी, आणि गॅरीला मगरीची नजर जाणवली. लग्नाबद्दल जी धाकधूक होती ती तिच्या नजरेने गेली, असं तो डोळे पुसत म्हणाला. अभिप्रायाच्या कागदावर पाचही जणांनी मला उत्कृष्ट शेरा दिला. ख्रिसमसपर्यंतचे सगळे शनिवार भरले. बर्मिंगहॅमहून एका बँकेचा अख्खा विभाग बस करून आला आणि नेतृत्वगुण शिकून गेला.

मला झोप लागेना. मगर कोणाच्या हाती लागली असती तर तिच्या पोटावर आमच्या अध्यक्षांचं नाव होतं, आणि मंडळात सामान वाहणारा, चिकटवणारा, रंगवणारा माणूस मी एकटाच होतो. मी ठरवलं, आपणच जाऊन ती काढून आणायची, तोडायची आणि रिसायकलिंगच्या डब्यात टाकून मोकळं व्हायचं. एका रविवारी सकाळी आठ वाजता गमबूट घालून, दोर आणि आकडा घेऊन मी गिरणीपाशी गेलो. लव्हाळ्यात ती आरामात पडली होती. चमच्यांचे दोन दात पडले होते, बाकी प्रकृती उत्तम.

"थांबा!" मागून आवाज आला. पिवळी जॅकेटं घातलेले सहा वृद्ध स्वयंसेवक धावत येत होते. 'लॅपल मगरमित्र' अशी त्यांच्या पाठीवर अक्षरं होती. "मार्गदर्शकाशिवाय वीस मीटरच्या आत जाता येत नाही."

"मीच मार्गदर्शक आहे." मी बिल्ला दाखवला.

त्यांनी तो उलटसुलट पाहिला. "मग तुमचे शिकारी कुठे आहेत?"

"आज नाहीत."

"म्हणजे तुम्ही एकट्याने काम करताय," त्यांचा म्होरक्या गंभीरपणे म्हणाला. "एकट्याने काम करायला कौन्सिलची बंदी आहे. तुम्हाला काही झालं तर कळवणार कोण?" त्याने माझं नाव टिपून घेतलं, आणि मला गाडीपर्यंत सोडायला दोघं जण आले. थर्मोकोलपासून पंधरा मीटरवरून मी परत फिरलो.

जानेवारीत पूर आला आणि मगर उताणी झाली. कोणीतरी दुर्बिणीच्या कॅमेऱ्याने फोटो काढला. दुसऱ्या दिवशी तो स्थानिक साप्ताहिकात तिसऱ्या पानावर होता, पोटावरचं सौजन्य अगदी ठळक. मी तो चेहऱ्यासमोर धरून स्वयंपाकघरात उभाच राहिलो. फोटोखाली एका सरीसृपतज्ज्ञाचं मत छापलं होतं. पोटावरच्या या पांढऱ्या, आडव्या रेषेला लटकलेल्या खुणा फक्त मादीत आढळतात आणि विणीचा हंगाम जवळ आल्याचं दर्शवतात, असं त्यांनी कळवलं होतं.

तेवढ्यात डॉक्टरांचा फोन आला.

"श्रीनिवास, पाहिलंस का? पेज थ्री!"

"काका, आता काय करायचं हो?"

"करायचं काय त्यात? नाव छान वाचता येतंय. फक्त 'निवृत्त' जरा पुसट आलंय. पण ते एका अर्थी बरंच झालं. मी बारा कॉप्या घेतल्या, पुण्याला पाठवतोय."

फेब्रुवारीत थंडीने थर्मोकोल फुटू लागला. नदीवर लहान लहान पांढरे गोळे तरंगत आले. मगरमित्रांनी ती अंडी असल्याचं जाहीर केलं, आणि चहाच्या गाळण्या घेऊन ती मोजायला बसले. चार लाखांच्या पुढे त्यांनी मोजणं थांबवलं. वरच्या अंगाला पूर्वीपासून नदीत येणारं सांडपाणी त्या दिवसांत जरा जास्तच येत होतं, पण ते अंड्यांना ऊब देतं, असं एकाने शोधून काढल्याने त्याबद्दलची जुनी तक्रार मागे घेण्यात आली.

मग शेपटी सापडली. त्याच दिवशी मगरीचा उरलेला भागही वळणावरून नाहीसा झाला. शेपटीचा तुकडा इतका हलका होता की वारा आला तसा तो स्वयंसेवकाच्या हातातून उडाला आणि पुन्हा नदीत पडला. 'अतिशय कृश झालेली,' असं अहवालात आलं. गावात हळहळ पसरली. लोकांनी पाटीखाली फुलं ठेवली. आणि मग लोक विचारू लागले की मगरीची ही दशा झाली तेव्हा प्रमाणित मार्गदर्शक काय करत होता?

कौन्सिलने चौकशी बसवली. माझ्या हातात आलेल्या पत्रात 'प्राण्याची हेळसांड' असे शब्द होते. वरदाने ते दोनदा वाचलं आणि खाली बसली.

"हे तर कचऱ्यापेक्षा वर्स्ट आहे, श्री. इथे माणसाला मारलं तरी लोक समजून घेतील. प्राण्याला नाही."

"मी खरं सांगून टाकतो," मी म्हणालो.

तिने पत्राची घडी घातली. "सांग," म्हणाली. "होऊ दे काय व्हायचं ते. मी येईन तुझ्या लाइनीत उभी राहायला." मला त्या वेळी तिच्याबद्दल जे वाटलं, ते मंडळाच्या कुठल्याही इतिवृत्तात बसणार नाही.

चौकशी लायब्ररीच्या हॉलमध्ये झाली. दोनशे लोक आले होते. ईराला घरी एकटं ठेवता येत नव्हतं, म्हणून ती वरदाच्या शेजारी बसली होती. मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. देखावा, दोरी, गिरकी, थर्मोकोल, चमचे, रिफ्लेक्टर. या नदीत मगर कधीच नव्हती, जे होतं ते मी बनवलं होतं, आणि मला माफ करा, असं म्हणून मी खाली बसलो. सात महिन्यांनी मी पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

हॉलमध्ये संताप उसळला. कुत्रावाल्या बाई उठल्या आणि म्हणाल्या, त्यांनी मगरीला बदक गिळताना पाहिलंय, थर्मोकोल बदक गिळतो का? कॅफेवाल्याने विचारलं, थर्मोकोल चार लाख अंडी घालतो का? गॅरी इल्फर्डहून मुद्दाम आला होता, सोबत त्याची नवी बायकोही होती. त्याने नुसतं माझ्याकडे बघितलं, आणि मला मान वर करता आली नाही. मग समाजातले ज्येष्ठ म्हणून डॉक्टर केळुसकरांना विचारण्यात आलं.

डॉक्टर शांतपणे उठले. "मी चाळीस वर्षं हाडं पाहिली आहेत," ते म्हणाले. "मी ही मगर जवळून पाहिली आहे. जिवंत होती आणि कण्याची ठेवण उत्तम होती." टाळ्या पडल्या. बसताना ते माझ्या कानात मराठीत पुटपुटले, "मूर्खासारखं काय करतोयस? सांभाळून घेतलंय मी."

प्रॉसरसाहेबांनी मला, वरदाला आणि ईराला शेजारच्या खोलीत नेलं. मुलांच्या पुस्तकांची खोली होती, खुर्च्या गुडघ्याएवढ्या. तिथे बसून त्यांनी अत्यंत सौजन्याने समजावलं.

"मिस्टर आगटे, तुमचं म्हणणं खरं धरलं तर तुम्ही नदीत आठ फूट कचरा टाकलात, खोटी हमी दिलीत, आणि सहा महिने बिल्ला घालून जनतेची दिशाभूल केलीत. अशा माणसाच्या चारित्र्यावर मी सही कशी करू? आणि कौन्सिलने पॅकिंगच्या सामानाच्या शिकारीचे परवाने दिले असं होईल. यात कोणाचं भलं आहे?"

"आणि माझं म्हणणं खोटं धरलं तर?"

"तर तुम्ही ताणामुळे थोडं भरकटलात. शेपटी मगरी टाकतच असतात."

"पाली टाकतात."

"आमच्या धोरणात दोघी एकाच गटात आहेत." त्यांनी एक कागद पुढे सरकवला. त्यावर एकच ओळ होती. 'मी, श्रीनिवास आगटे, याद्वारे जाहीर करतो की लॅपल नदीत मी मगर पाहिली असून ती जिवंत व सुखरूप आहे.' शेजारी त्यांनी माझा चारित्र्याचा कागद ठेवला आणि पेनाचं टोपण काढलं. दोघांच्या सह्या एकदमच व्हायच्या होत्या.

मी वरदाकडे पाहिलं. ती भिंतीवरच्या सशाकडे बघत होती. घरी ती जे म्हणाली होती ते तिला अजूनही मान्य होतं, पण पेन आता समोर होतं.

"बाबा," ईरा म्हणाली, "पण तो मगर तर तू बनवला होता ना? मी पेंट केली होती त्याचा पाठ."

प्रॉसरसाहेबांना मराठी येत नव्हतं, तरी ते खिडकीबाहेर पाहू लागले. मी ती ओळ नीट वाचली. पुन्हा एकदा वाचली. माझी मुलगी माझ्या हाताकडे बघत होती, आणि मी सही केली. लाज वाटली. अजून वाटते. अक्षर मात्र सुवाच्य आलं.

सहा आठवड्यांत नागरिकत्व मिळालं. समारंभात एका बाईंनी सांगितलं, की दक्षिणेतल्या वन्यजीवनासाठी मी केलेल्या कार्याचा माझ्या साक्षीदारांनी विशेष उल्लेख केला आहे. उन्हाळ्यात आम्ही भारतातून परतलो तेव्हा विमानतळावर आम्ही तिघं एकाच रांगेत होतो. मी मुद्दाम ईराचा हात धरला होता. तिने तो थोड्या वेळाने सोडवून घेतला. आता ती मोठी होतेय, असं वरदा म्हणाली. मीही तसंच म्हणालो.

नदीत आता थर्मोकोलचा कणही उरलेला नाही. पण मगर जिवंत व सुखरूप आहे असं जाहीर झालं असल्याने शिकार चालू आहे, आणि आता शनिवारच्या दोन फेऱ्या असतात. पूर्वी लोकांना ती अधूनमधून दिसायची. आता हमखास दिसते.

तुम्हाला माझी कीव आली असेल, किंवा राग. एका कागदासाठी या माणसाने पोरीच्या देखत खोटी सही केली, असं तुम्ही म्हणत असाल. म्हणा. पण माझ्या कागदावर एकच ओळ होती आणि ती मी दोनदा वाचली होती. तुम्ही फोनवर परवा कसलंसं ॲप घेतलंत, तेव्हा 'वरील सर्व अटी मी वाचल्या आहेत व मला मान्य आहेत' या वाक्यापुढच्या चौकोनात बोट ठेवलंत. किती पानं होती हो? शेजारी तुमचं पोर बसलं होतं, त्याने विचारलंही असेल. तेव्हा संकोच नको, या एखाद्या शनिवारी. आमचा शिकारीचा फॉर्म तीस पानांचा आहे. तुम्हाला पाच सेकंद लागतील, आणि मगर तुम्हाला पहिल्याच फेरीत दिसेल.